उस्तादांचं कुलूप

कचरा टाकून लेक वर आली, तोवर उस्तादांनी आतून कुलूप लावून घेतलं होतं. गॅसवर दूध तसंच होतं.

कुलूप साधंसुधं नव्हतं. अख्ख्या शहराची अडलेली दारं उघडण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या उस्तादांनी काम सोडल्यावर हौसेने ते बनवलं होतं. आतली कळ फिरवली की बाहेरून किल्लीसुद्धा चालायची नाही. "चोराच्या बापालाही उघडायचं नाही!" असं ऐटीत सांगायचे. लेकीचा विचार तेवढा करायचा राहिला होता.

"बाबा, दार उघडा! मी आहे!"

"मी कोण?"

"तुमची मुलगी!"

"माझी मुलगी शाळेत गेलीय. निघा इथून!"

हे काही आजचं नव्हतं. किल्ल्या साखरेच्या डब्यात सापडू लागल्या तेव्हा तिचा धाकटा भाऊ म्हणाला होता, "वय झालं, चालायचंच." पण जन्मभर किल्ल्या हाताळलेल्या माणसाला स्वतःच्या घराची किल्ली ओळखू येईना, तेव्हा हे वय नव्हे, दुखणं आहे, हे तिने ताडलं आणि त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "वाद घालू नका. ते जिथे असतील तिथे तुम्ही जा." तिने मान डोलावली आणि घरी येऊन रोज वाद घातला. हट्टी बापाची हट्टी लेक, दुसरं काय!

दाराखालून करपल्याचा वास येऊ लागला. खालच्या मजल्यावरून भाऊ धावत आला आणि दाराला धडका देऊ लागला.

"चोर! चोर!" आतून उस्ताद ओरडले. आवाज कापत होता. बाबा हट्ट करत नाहीयेत, घाबरलेत, हे तिला आत्ता कुठे उमगलं.

तिने भावाला मागे ओढलं आणि गिऱ्हाइकासारखी हळूच टकटक केली.

"उस्ताद आहेत का? फार अडचणीत आलेय हो. घराचं दार अडकलंय, गॅस चालू राहिलाय आणि म्हातारे वडील आत एकटेच आहेत."

आतून पावलं दाराजवळ आली.

"मग आधी नाही का सांगायचं, बाई! कुठल्या बाजूने अडकलंय?"

"तुमच्याच बाजूने."

खुडबुड सुरू झाली. "हे कसलं कुलूप? कुठल्या गाढवाने बसवलंय?"

भावाला हसू फुटलं. तिने त्याचं तोंड दाबलं. "आहे एक," ती म्हणाली. "उघडेल ना?"

"न उघडायला काय झालं!"

खट्! दार सताड उघडलं. भाऊ आत धावला आणि त्याने गॅस बंद केला. पातेल्याचा पार कोळसा झाला होता, आणि लेकीला मात्र लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं. तिला उंबऱ्यातच नाचावंसं वाटलं.

उस्ताद ताठ उभे होते, कितीतरी दिवसांनी.

"वडील ठीक आहेत ना?"

"अगदी सुखरूप. तुम्ही वाचवलंत त्यांना."

त्यांची छाती फुगली. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "त्यांना असं एकटं सोडत जाऊ नकोस, पोरी."

"नाही सोडणार," लेक म्हणाली.