फाटल्या कोपऱ्याचं कार्ड

जुन्या पनवेलमधल्या त्या चाळीत बावीस खोल्या, त्यातल्या चौदा पाटणकडच्या एकाच खोऱ्यातल्या माणसांच्या. पहिला आला दीनानाथ. मागाहून जो आला तो त्याच्या ओळखीवर. सातवी शिकलेला म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. संध्याकाळी तळोज्याच्या कारखान्यातून आला की हा मास्तर गॅलरीत बसून ज्याची त्याची पत्रं मोठ्याने वाचून दाखवायचा. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं हेही सगळ्या चाळीला ठाऊक!

फक्त एक कार्ड ओळखायला मास्तर लागत नसे. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मयताची खबर. ते उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. कोण गेलं ते बाहेरच वाचून घ्यायचं, कार्ड फाडून टाकायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं.

१९८९ च्या मार्गशीर्षात भर दुपारी चंद्रावती नळावर भांडी घासत होती. "चंद्रावतीबाई, पाटणहून आलंय," म्हणत पोस्टमनने कार्ड हातात दिलं आणि तो जिना उतरला. कार्डाला वरचा कोपरा नव्हता.

माहेरी पिकलं पान म्हणावं असं आईशिवाय होतंच कोण? दिवाळीला येते म्हणून चंद्रावतीने दोन वर्षं नुसता निरोपच धाडला होता.

शेजारची साळू धावत आली. ती इथलीच, पनवेलची. "अगो, मास्तरला येऊ दे. काय लिवलंय ते वाचून तरी घे."

"आता काय वाचायचं राह्यलंय?" चंद्रावती म्हणाली, आणि राखेच्या हातानेच कार्डाचे तुकडे करून तिने ते गटारात सोडले. मग तिने असा हंबरडा फोडला की खालच्या दुकानातली माणसं वर आली.

मास्तर आला तेव्हा त्याने कार्ड मागितलं. काय झालं ते साळूने सांगितलं. न वाचता फाडलं हे चुकलंच होतं तिचं, पण आईसाठी रडणाऱ्या बाईला ते सांगायचं कुणी? "चार दिवस तरी कार्डाला लागले असतील," तो म्हणाला. "आता मुखदर्शन कुठलं? तेराव्याला जा."

नवरा महादेव सुट्टी मिळत नाही म्हणाला. नऊ दिवसांनी चंद्रावती एकटीच निघाली. पिशवीत गूळ, तांदूळ आणि एक कोरं लुगडं. आईच्या नावाने ते गावातल्या एखाद्या म्हातारीला नेसवायचं होतं. आईला असं कोरं लुगडं तिने कधी नेलं नव्हतं, आणि ते आठवून ती एसटीत सगळी वाट रडत होती.

फाट्यावर उतरून ती डोंगर चढली. वळणावरून अंगणातली गर्दी दिसली. तेराव्याची माणसं जमली असतील, असं तिला वाटलं. मग तिला कुणीतरी हिरवे बांबू बांधताना दिसलं.

अंकुश, तिचा धाकटा भाऊ, धावत पुढे आला. "आक्का, आत्ता आलीस व्हय! आईनं अंथरून धरलंय, तुजं नाव घेतीया, लगीच ये म्हून कार्ड टाकलं हुतं की! रोज येष्टीच्या टायमाला मला फाट्यावर धाडायची. आज पहाटं गेली गं."

कोपरा कुठे फाटला होता, देव जाणे.

"कार्ड मिळालं न्हाई व्हय तुला?"

चंद्रावतीला खोटं बोलता आलं असतं. "मिळालं हुतं," ती म्हणाली.

तेवढ्यात घरातून कुणीतरी बाई ओरडली, म्हातारीला नेसवायला कोरं लुगडं हाय का रं?

चंद्रावतीने पिशवी उघडली.