बांधावरची रक्ती

साळूबाईला चौथा महिना लागला आणि तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरेनासं झालं. भाकरी थापताना पिठाच्या वासानं मळमळायचं, दुधाचा पेला पुढं आला की ती परसात पळायची. नवरा नाथाजी पलटणीत. लढाईचं वारं सुटलेलं, त्यामुळे त्याचं पत्र आलं तर आलं. घरात सासू मनुबाई आणि ती, दोघीच. मनुबाईच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि उंब्रजच्या त्या घरात दहा वर्षांत अंड्याचं टरफलही शिरलं नव्हतं. सासूनं चिंच आणली, आवळा आणला, शेजारणीकडून मुरलेलं लोणचं मागून आणलं. सुनेला काही म्हणता काही रुचेना.

दिवाळी झाली आणि आटपाडीकडचा धुळा धनगर मेंढरं घेऊन उतरला. दरसाल तो यायचा, भुईमूग निघून रिकाम्या झालेल्या त्यांच्या रानात मेंढरं बसवायचा. रानाला खत व्हायचं, त्याला दाणे मिळायचे. त्याची बायको तानुबाई ओढ्याकडच्या बांधाला तीन दगडांची चूल मांडायची. बाजाराच्या आदल्या दिवशी खाटीक तळावर येऊन एखादं बकरं कापायचा, आणि त्याचं रक्त तानुबाईच्या वाट्याला यायचं. मीठ टाकून ते परातीत ठेवलं की खरवसासारखं थिजायचं. मग त्याच्या वड्या पाडून कांदा, लसूण आणि मिरचीवर परतायच्या. रक्ती. धनगरांना जीव की प्राण. गावातली माळकरी माणसं मात्र तो वास आला की नाकाला पदर लावून लांबून जायची.

साळूबाई अशाच एका दुपारी रानात निघाली होती ती जनावरांना वैरण काढायला. वास आला आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. ती बांधावर जाऊन नुसती उभी राहिली. तानुबाईनं तिच्या पोटाकडं पाहिलं आणि जर्मनच्या ताटलीत चार काळपट वड्या आणि बाजरीची चतकोर भाकरी ठेवून ताटली पुढं सरकवली. साळूबाईनं बोटं चाटून ताटली पुसली. पोटात काही ढवळलं नाही. उलट गार पाणी पडावं तसं आत शांत झालं.

पुढं महिनाभर दर आठवड्याला ती गेली. शेजारच्या बनुबाईनं एकदा पाहिलं, पण तेव्हा ती बोलली नाही. मेंढरं दुसऱ्या रानात हलली, मग नदी ओलांडून गेली. चैत्रात साळूबाई बाळंत झाली. मुलगी झाली. काळीसावळी, भरल्या डोक्याची. अकरा दिवस जगली. बाराव्या दिवशी बारसं करायचं होतं. त्या दिवशी तिला ओढ्याकडच्या बांधाखाली पुरून आले. तिला नावसुद्धा मिळालं नाही.

आता बनुबाईला कंठ फुटला. पोटुशी असताना रगत खाल्लं, ते पोरीला बाधलं, असं ती पाणवठ्यावर बोलली आणि ते मनुबाईच्या कानावर आलं. मनुबाई सुनेवर ओरडली नाही. जेवताना फक्त म्हणाली, "पोरीच्या तोंडाला तूच रगत लावलंस." आणि उठून हात धुऊन आली. त्यानंतर दोघींत कामापुरतं बोलणं उरलं.

पाऊस लांबला. श्रावण कोरडा चालला होता. एका भर दुपारी साळूबाई त्याच रानात खुरपत होती आणि तिला रक्तीचा वास आला. कांदा करपायच्या आधीचा तो खमंग वास, त्याच्या मागनं लोखंडासारखा थोडा कडवट. तिनं मान वर केली. बांधावर कोणी नव्हतं. चुलीचे तीन दगडही पावसाळ्याआधी कोणी उचलून नेलेले. चहूकडं उन्हात वाळलेलं गवत, आणि वास मात्र असा की झाकण आत्ताच काढलंय. तिच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याच क्षणी तिला स्वतःची इतकी लाज वाटली की खुरपं तिथंच टाकून ती घरी आली.

मग ते नेहमीचंच झालं. रोज नाही, पण आठवड्यातून एकदा तरी, सूर्य डोक्यावर आला की वास यायचा. डोहाळे आईचे नसतात, पोटातल्या लेकराचे असतात, असं लहानपणापासून ऐकलेलं. मग लेकरू मातीत आणि डोहाळे अजून माझ्या जिभेवर कसे, हा विचार तिला सोडेना. पोरगी मागतेय, असं तिला वाटायला लागलं. रडून नाही. तिला तर धड रडताही आलं नव्हतं. ती वासानं मागतेय. साळूबाई वाळली. नाथाजी रजेवर आला तेव्हा त्यानं तिला कऱ्हाडच्या डॉक्टरला दाखवलं, बाटली आणली. बाटली कोनाड्यात तशीच राहिली.

त्या दिवाळीला धुळा आलाच नाही. सगळीकडं दुष्काळ पडला होता. माघात साळूबाई माहेरी विट्याला जाते म्हणून निघाली आणि भावाच्या घरी एक रात्र राहून तशीच पुढच्या एसटीनं आटपाडीला गेली. विचारत विचारत तलावाच्या दुष्काळी कामावर पोचली. शेकडो बायामाणसं उन्हात खडी फोडत बसलेली. त्यात तानुबाई दिसली. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या, केस धुळीनं पांढरे. मेंढरं वैरणीवाचून पटापटा मेली होती. उरलेली पंचवीसएक घेऊन धुळा खाली कोकणाकडं गेला होता.

साळूबाई तिच्याजवळ दगडावर बसली. सगळं सांगितलं. पोरीचं, वासाचं, सासूच्या बोलण्याचं. शेवटी विचारलं, "मावशी, त्या खाण्यानंच गेली का वो ती?"

तानुबाईनं हातोडी खाली ठेवली. "मी पाच येळा पोटुशी राह्यली, पाची येळा खाल्लं. चार हायती. एक गेलं. चौघं जगली ती रक्तीनं, आन एक गेलं त्ये बी रक्तीनंच, आसं म्हणायचं का?" हाताची चिंधी घट्ट करत ती म्हणाली, "त्या एकाचं म्हणशील तर, त्यानंबी लय दिस मागितलं."

"मग तुमी काय केलं?"

"वाढलं."

साळूबाईला वाटलं होतं, तानुबाई हसेल किंवा देवऋषी गाठायला सांगेल. पण तानुबाईनं कामावर खायला मिळालेली आपल्या वाट्याची सुकडी पदरात घेऊन अर्धी तिला दिली आणि सांगितलं की आज माझ्याकडं एक कोकरूबी नाही, पण पाऊस पडला आणि मेंढरं परत आली तर बिरोबाला नवसाचं बकरं बोलते. ते तुझ्याच बांधावर कापू.

पुढच्या साली पाऊस पडला. दिवाळीनंतर धुळा आला, तीसेक मेंढरं घेऊन. चौथ्या दिवशी नवसाचं बकरं कापलं आणि तानुबाईनं निरोप धाडला. साळूबाईनं या वेळी वैरणीचं निमित्त केलं नाही. सासूपुढं उभी राहून म्हणाली, "आत्याबाई, मी तळावर जेवायला चालले." मनुबाई ज्वारी पाखडत होती. तिनं वर पाहिलं नाही, सूप मात्र थांबलं.

बांधावर तीच चूल, तोच धूर. तानुबाईनं दोन ताटल्या केल्या. एक साळूबाईपुढं ठेवली. दुसरीतल्या वड्या बारीक कुस्करून, फुंकून गार करून, पळसाच्या पानावर काढल्या आणि पान तिच्या हातात दिलं. साळूबाईनं ते बांधाखाली, जिथं माती थोडी बसली होती तिथं ठेवलं. हाक मारायला नाव तर नव्हतंच. ती "खा बाय" एवढंच म्हणाली. मग तिथंच बसून आपली ताटली संपवली, अगदी चवीनं, सावकाश, डोळ्यांतून पाणी गळत असताना. उठली तेव्हा पानावर मुंग्या लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रानात आली. तळ हलला होता. वास आला नाही. आठवडा गेला, पंधरवडा गेला, वास आला नाही. सुटले, असं वाटायला हवं होतं. पण साळूबाई रोज सूर्य डोक्यावर आला की खुरपं बाजूला ठेवून मान वर करून बसायची, वारा ओढ्याकडून आला की श्वास ओढून धरायची. पोरगी जेवली आणि गेली. बोलावणारं कोणी राहिलं नाही. आपणच तिला वाटेला लावलं, हे तिला तेव्हा कळलं, आणि पोरीला पुरून आले त्या दिवशीही ती रडली नव्हती तेवढी त्या रानात रडली.

अशाच एका दुपारी मनुबाई बांध उतरून आली आणि तिच्याशेजारी मातीत बसली.

"थांबला का गं?" मनुबाईनं विचारलं.

साळूबाईनं चमकून पाहिलं. वासाचं तिनं घरात कधीच कोणाला सांगितलं नव्हतं.

"मलाबी त्यो वास येत हुता," मनुबाई म्हणाली. तिची बोटं गळ्यातल्या माळेवर होती. "पयल्या दिसापासनं. माळंचा गळा माजा, आन तोंडाला पाणी सुटायचं. म्हणून तुज्यावरचा राग धरूनच ऱ्हायले."

साळूबाईनं सासूचा हात धरला. तो खरखरीत, गरम हात तिनं दोन वर्षांत धरला नव्हता. ऊन कलेपर्यंत त्या दोघी तिथं बसून राहिल्या. ओढ्याकडून वारा येत होता, आणि त्याला नुसता मातीचा वास होता.