शिरेलगतची पट्टी

अणदूरच्या कमलबाईंच्या यकृतात गाठ निघाली, तेव्हा घरचे सगळे डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांची लेक अर्पिता मात्र पडद्यावरच्या चित्राकडं बघत होती. गाठ लहानच होती, पण एका जाड शिरेला चिकटून बसलेली. ते दिसलं तशी अर्पिता पडद्याच्या आणखी जवळ सरकली.

तुळजापूरच्या कॉलेजात ती गणित शिकवायची आणि पीएच.डी. करायची. गाठ उष्णतेनं जाळताना ती उष्णता शरीरात कुठवर पोचते, हे समीकरणांनी आधीच काढायचं, असा तिचा विषय होता.

सोलापूरच्या डॉक्टर श्रीदेवी म्हणाल्या, "यकृत आधीच खराब झालंय, कापायला नको. बाहेरून सुई घालू, तिचं टोक तापवू आणि गाठ जागच्या जागी जाळू."

"लई दुखंल की व्हो!" कमलबाई म्हणाल्या.

"भूल देणार आहोत, मावशी."

"मग जाळा."

अर्पितानं स्कॅनची प्रत मागून घेतली आणि आपल्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये भरली. पडद्यावर गाठ लालभडक झाली, म्हणजे पुरती तापली. पण शिरेच्या कडेनं एक बारीक निळी पट्टी तशीच राहिली. वाहतं रक्त तिथली उष्णता सोबत घेऊन जात होतं. पट्टीतल्या पेशी मरणार नव्हत्या. तिनं उष्णता वाढवून पाहिली. पट्टी गेली, पण लाल रंग पलीकडं पित्ताच्या नळीपर्यंत पोचला. नळी भाजली तर कावीळ, मग जंतुसंसर्ग. रक्ताचा वेग जरा बदलला, तर सगळं चित्रच पालटलं. आईच्या शिरेतला खरा वेग कुणी मोजला होता? कुणीच नाही. चित्रं इतकी स्वच्छ, आणि त्यातलं खरं कुठलं ते सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता तिचा हात मध्येच थांबला. सांगावं, तर डॉक्टर जास्त जाळतील. न सांगावं, तर गाठ मागं राहील. तास तसाच सोडून ती सोलापूरच्या एसटीत बसली.

डॉक्टर श्रीदेवींनी चित्रं नीट पाहिली. "हे असंच होईल?"

"माहीत नाही, मॅडम. रक्ताचा वेग पुस्तकातला आहे, आईचा नाही. खऱ्या पेशंटवर हे अजून तपासलेलंच नाही."

"मग आणलंस कशाला?"

"भीती वाटली म्हणून."

डॉक्टरांनी चित्रं पुन्हा समोर ओढली. "त्या शिरेची धास्ती मलाही आहे. तुझ्या चित्रावरून मी काही ठरवणार नाही. पण शिरेच्या बाजूनं पुन्हा एकदा सुई घालावी, हे माझ्याही मनात होतं. नळीला धोका आहे, तो मात्र आईंना सांगावा लागेल."

अर्पिता घरी आली तेव्हा कमलबाई ज्वारी पाखडत होत्या. तिनं सगळं सांगितलं.

"तुझं गणित काय म्हणतंय?" कमलबाईंनी विचारलं.

"गणिताला नक्की सांगता येत न्हाय, आई."

"आन् तुला?"

"मला भ्या वाटतंय."

कमलबाईंनी सूप खाली ठेवलं. "मलाबी वाटतंय गं. तुझं अण्णा खचतील म्हणून म्या बोलले न्हाय." मग पदरानं तोंड पुसून त्या म्हणाल्या, "दुसरी सुईबी घाला म्हणावं. अर्धवट ठिवू नका."

सुई घालायच्या दिवशी दवाखान्यात अर्पिताचे वडील, बलभीमअण्णा, बाकावर बसून टॉवेल पिळत होते. "किती तापवत्यात गं?"

"पाणी उकळायला येतं, त्याच्या आसपास."

बलभीम उठले आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. कशाला बोलले, असं अर्पिताला झालं. त्यांच्यासाठी ते नुसतं बंद दार होतं. तिला दारापलीकडचा लाल रंग इंचाइंचानं पसरताना दिसत होता, आणि डोळे मिटले तरी तो थांबत नव्हता.

डॉक्टर बाहेर आल्या. "दोन्ही वेळा सुई घातली. नळीजवळ जातंय असं वाटलं, तिथं थांबले."

स्कॅनमध्ये गाठ मेलेली दिसली, शिरेच्या कडेलाही. पण संध्याकाळी कमलबाईंना ताप भरला, आणि दोन-तीन दिवसांत उजेडात त्यांचे डोळे अर्पितालाच आधी पिवळे दिसले. तिनं लगेच डॉक्टरांना बोलावलं.

"तुझ्या हिशेबात हे व्हतं का?" बलभीमांनी विचारलं.

"होतं, अण्णा."

ते आता उठून जातील, या भीतीनं तिनं मान वर केली नाही. ते तिच्याशेजारी सरकून बसले.

पित्ताच्या नळीला सूज आली होती. डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घालून पित्त वाहतं राहावं म्हणून तीत प्लास्टिकची बारीक नळी बसवली. पुढं रोज सकाळी जाग येताच अर्पिता आईची पापणी वर करून बघायची. कमलबाई वैतागायच्या, "आगं, सोड की डोळा!" पिवळेपणा उतरायला बरेच दिवस लागले, पण उतरला.

काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला. शिरेलगत काही उरलं नव्हतं.

"एकदाच सुई घालून थांबले असते तर काय झालं असतं, मला नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणाल्या.

अर्पितानं घरी आपलं चित्र आणि जाळल्यानंतरचा स्कॅन शेजारी ठेवून पाहिले होते. "दोन्ही सुया धरल्या तरी माझ्या हिशेबात पट्टी थोडी उरतच होती, मॅडम. आणि नळीचा धोका कमी दिसला होता. दोन्हीकडं चुकलं."

"कुठं चुकलं ते कळलं ना? मग दुरुस्त कर. कळंबचे एक गृहस्थ पुढच्या महिन्यात यायचेत, त्यांचीही गाठ अशीच शिरेला लागून आहे."

अर्पितानं मान हलवली. त्यांच्या शिरेतला रक्ताचा वेग आधी मोजून मिळेल का, असं तिनं विचारलं. बाहेर कमलबाई कुणाला तरी इथला चहा कसा पाणचट आहे ते सांगत होत्या.