जर्मनीच्या डॉक्टर गोदाबाई

बहादरपुरात त्या सकाळीही नळाला पाणी आलं, केळीचा ट्रक भरला आणि गोदाबाई गोऱ्हा झालेल्या गाईचं दूध शोधत घरोघर हिंडल्या. कालवड झालेल्या गाईचं दूध चालत नाही, असं पुडीवर छापलं होतं. पुडीत काय आहे, ते मात्र छापलं नव्हतं.

पुडी त्यांच्या मुलानं, रितेशनं, वेबसाइटवरून मागवली होती. ‘शर्तिया मुलगा. शंभर टक्के आयुर्वेदिक.’ त्याच्या बायकोला, भूमिकाला, दुसरा महिना होता. दूध गॅसवर चढलं तशी ती स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालू लागली. नर्सताईंनी बजावलं होतं, मुलगा की मुलगी ते कधीच ठरलंय; अशा पुडीनं बाळाला इजा मात्र होऊ शकते.

“घे न बेटा,” गोदाबाई म्हणाल्या. “हजारो लोकायनं चांगलं लिहेल आहे. मी सांगतलं तं जैनाबादच्या कौशल्यानंबी मागवली, तिच्या सुनेसाठी. कालच आली तिची पुडी.”

“लिहिलेलं छापतं कोण, आई?”

“कंपनी.”

“आणि पुडी विकतं कोण?”

“कंपनीच. दुसरं कोन विकीन?”

भूमिकानं मोबाइलवर ती वेबसाइट उघडली. बोट भराभर सरकत ‘तज्ज्ञांचं मत’ इथं थांबलं. जर्मनीच्या डॉक्टर मार्था. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप आणि कोटाच्या वर गोदाबाई. कुंकवासकट.

“हा फोटू तं केळीचा!” रितेश ओरडला.

गेल्या वर्षी याच वेबसाइटवरून केळीचं टॉनिक घेतलं, तेव्हा फुकट टॉर्चसाठी त्यानं आईला घडाशेजारी उभं करून फोटो पाठवला होता. कंपनीनं घड कापून कोट चढवला होता. टॉर्च अजून यायची होती.

गोदाबाईंनी फोटो निरखला. “कोट बरा दिसते. मी डॉक्टर आहे तं मंग मीच सांगते, घे.”

“बरं डॉक्टरीणबाई, यात काय घातलंय?”

गोदाबाईंनी पुडी उलटली, हुंगली, परत उलटली. “काय मालूम.”

“मग मी घेणार नाही. मुलगी झाली तर मुलगी. ती माझी आहे.”

“औषध वाया जाईन ना,” रितेश पुटपुटला.

“मंग तू पी!” गोदाबाई कडाडल्या. “पोरगं झालं तं सांगजो.”

दूध उतू गेलं. कोणाचं लक्ष नव्हतं. गोदाबाई पुन्हा त्या कोटाकडे पाहत होत्या. आता त्यांचा चेहरा उतरला होता.

“कौशल्यानं माझ्याच भरोशावर मागवली,” त्या हळूच म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या. “तिले फोन लाव, भूमिका. म्हन, पुडी फोडू नको. डॉक्टर स्वतः येऊन राहिली.”