तिसऱ्या गाण्यात कोण वाजवत होतं

ठोक्याच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू करत एकतीस वर्षं दिलं नाही. पत्र हरवलं असतं तर सुटलो असतो, पण माझ्याकडे कागद हरवत नाहीत. शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ते चपटं होऊन पडलं होतं आणि मला तोंडपाठ होतं.

"किड्या, तिसऱ्या गाण्यात कडव्याच्या आधी ड्रमवर जो लांब रोल आहे, तो मी वाजवल्याचं मला आठवत नाही. हिरो म्हणतो, तूच वाजवलास. कॅसेटवर नाव माझंच आहे. बाबांनी जन्मात पहिल्यांदा मला शाबासकी दिली, ती नेमकी त्याच जागेला. तू तिथे होतास. मला वेड लागलंय का, एवढंच कळव."

आम्ही चौघं होतो. हिरो गायचा, ठोक्या ड्रम वाजवायचा, एक गिटारवाला होता आणि बेस गिटारवर मी. सतत पुस्तकात डोकं, म्हणून मी किडा. आमची एकच कॅसेट निघाली. ठोक्या जोशात आला की लय पुढे पळवायचा. म्हणून एका रविवारी सकाळी हिरोने स्टुडिओत दुसरा ड्रमवाला आणला आणि चार गाणी पुन्हा वाजवून घेतली. "त्याला सांगू नका रे, उगाच मनाला लावून घेईल," असं हिरो म्हणाला. गिटारवाला हसला. मी काहीच बोललो नाही. वर त्या नव्या माणसाबरोबर चारही गाण्यांत बेस मीच वाजवला.

पत्र आलं तेव्हा मी मसुदे केले. आठ केले की नऊ, आठवत नाही. प्रत्येक वेळी वाटायचं, हे फार कठोर झालं, हे फार गुळमुळीत झालं. पुढे ठोक्याने ड्रम विकून टाकला आणि वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात बसू लागला. मी छापखान्यात मुद्रितं तपासू लागलो. तीस वर्षं होत आली, मी दुसऱ्यांच्या चुका काढतोय. तीन वर्षांपूर्वी गिटारवाला गेला, तेव्हा अंत्यसंस्काराला ठोक्या दिसला. अजून तेच दुकान चालवतो, असं कुणीतरी सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मागच्या फाटकातून सटकलो.

यंदा हिरोचा फोन आला. मोठा संगीत महोत्सव, उघडं मैदान, जुन्या बँडचा एकच कार्यक्रम. जुन्यांपैकी आम्ही दोघंच, बाकी भाड्याचे.

"आणि ठोक्या?" मी विचारलं.

"त्याने स्वतःहून सोडलं रे. आता कशाला उकरायचं?"

मी हो म्हणालो. दोन महिने रोज सकाळी सराव केला. बोटं आखडलेली. बायको भाजी निवडता निवडता म्हणायची, "अहो, ते वाजवताय की दुरुस्त करताय?" तालमीत तीनदा चुकलो. हिरोने हसून पाठीवर थाप मारली. मला वाटलं, म्हातारपणी माणूस निवळतो.

कार्यक्रमाच्या दिवशी चार वाजता मैदानावर आवाज तपासायला गेलो. पहिलंच गाणं. माझं तिसरं बोट घसरलं आणि मी साफ चुकीच्या तारेवर पडलो. पण समोरच्या स्पीकरमधून सूर आला तो बरोबर. क्षणभर मला वाटलं, हातानेच सावरून घेतलं असेल. इतका मी मूर्ख! पुढच्या ओळीला मी हात उचलला. बेस वाजतच राहिला. गुबगुबीत, बिनचूक, माझ्यावाचून.

मी माझ्या वायरचा माग काढत मागे गेलो. काळ्या पडद्याआड ती गुंडाळून चिकटपट्टीने बांधून ठेवली होती. दुसरं टोक कशातच खुपसलेलं नव्हतं. आवाजाचं यंत्र सांभाळणारा गृहस्थ आभाळाकडे बघायला लागला.

"काका, मला सांगितलं तसं मी केलं," तो म्हणाला.

हिरो तंबूत आरशासमोर बसून केळं खात होता.

"माझी वायर कुठे जाते?"

"कसली वायर? अरे, बस ना."

"माझी वायर."

"ते होय! ती खबरदारी आहे रे. उघड्यावर वारा असतो, आवाज फाटतो."

"वाऱ्याने एकट्या माझाच आवाज फाटतो?"

त्याने साल नीट घडी घालून ठेवलं. "हे बघ किड्या, तालमीत तू तीनदा आपटलास. मी बोललो का काही? दुसरा कुणी असता तर घरी पाठवला असता. तुला मी स्टेजवर उभं करतोय. लोकांना जुने चेहरे बघायचेत. नुसती बोटं हलव, मजा कर."

"वाजवलंय कुणी?"

"आहे एकजण स्टुडिओतला. तुझीच ढब घेतलीय, कुणाच्या बापाला कळणार नाही."

"मला कळलं."

"तुला?" तो हसला. "ठोक्याच्या वेळी बरं चाललं तुला! तेव्हा मांडी घालून बसला होतास. आता स्वतःवर आलं तर तत्त्वं आठवली?"

त्याच्या थोबाडीत मारायला हवी होती. मी कधी कुणाला मारलेलं नाही. कसं मारतात हेही मला नीट ठाऊक नाही. कानशिलं तापली आणि तोंडातून निघालं काय, तर "हे बरोबर नाही." एवढंच! एखाद्या चुकलेल्या ऱ्हस्व-दीर्घावर शेरा मारावा तसं.

संध्याकाळी मैदान भरलं. मी उभा राहिलो. दोन गाणी बोटं हलवली. तिसरं सुरू झालं आणि मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. बेस चालूच. समोरच्या हजारो माणसांत एकालाही काही खटकलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईने तर मला हात हलवून दाखवला. हिरो गात गात आला, माझ्या गळ्यात हात टाकला आणि माइक बाजूला धरून पुटपुटला, "हात घाल, गाढवा."

आणि मी हात घातला. उरलेली चार गाणी बोटं हलवत राहिलो. दात इतके आवळले होते की दोन दिवस जबडा दुखत होता.

बायको मागच्या खुर्च्यांवर होती. तिथून स्टेजवरची माणसं बोटाएवढी दिसत होती आणि मोठ्या पडद्यावर फक्त हिरो. मला बघताच ती उठली. "अहो, एकदासुद्धा अडखळला नाहीत! मी शेजारच्या बाईंना सांगितलं, ते कडेला उभे आहेत ना, ते आमचे."

तिचा चेहरा असा उजळलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि तो मी मिळवलेला नव्हता. रिक्षात तिला खरं सांगितलं. ती आधी हिरोवर तुटून पडली. मग माझ्यावर. "आणि तुम्ही तिथून खाली उतरला नाहीत? मला टाळ्या वाजवायला लावल्यात?"

"ठोक्याच्या वडिलांनी पण वाजवल्या होत्या," मी म्हणालो. मग तेही सांगावं लागलं.

सकाळी तिने पत्र मागितलं. उभ्या उभ्या वाचलं, टेबलावर ठेवलं. "त्याचे वडील आहेत का अजून?"

"नाहीत. बरीच वर्षं झाली."

"म्हणजे ते तसेच गेले." ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटू लागली.

मी लिहायला बसलो. दुपारपर्यंत चार पानं झाली. तिने ती वाचली. "यात तुमचा भित्रेपणा आहे, तुमचं बालपण आहे, कालचा तुमचा अपमान आहे. त्याने काय विचारलं होतं?"

"त्याला वेड लागलंय का."

"मग ते कुठे लिहिलंय?"

मी पानं फाडली. पाच मिनिटांत नवं लिहिलं.

"ठोक्या, तुला वेड लागलेलं नव्हतं. तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या गाण्यात तू नाहीस. हिरोने रविवारी दुसरा माणूस आणला. त्याच्याबरोबर बेस मी वाजवला. तो रोल त्या माणसाचा आहे. बाकीची चार गाणी तुझी आहेत. तुझं पत्र मला तेव्हाच मिळालं होतं. तुला कळायला हवं होतं, तेव्हा मी गप्प राहिलो."

पुढे क्षमेबद्दल एक वाक्य लिहिलं होतं. ते खोडलं. ती मागायची म्हणजे पुन्हा त्यालाच कामाला लावायचं.

पोस्टात खिडकीपलीकडच्या बाईंनी पाकीट उलटंपालटं केलं. "साधं की रजिस्टर?"

साधं पत्र गहाळ होऊ शकतं. गहाळ झालं असेल, अशी समजूत मी पुढे मरेपर्यंत काढू शकलो असतो. "रजिस्टर," मी म्हणालो. "त्यांची सही घेऊनच द्या."

"मग मागे पाठवणाऱ्याचं नाव कुठंय? घ्या, लिहा. मागे रांग आहे."

मी पेन काढलं. पूर्ण नाव लिहिलं, खाली मजला, घराचा नंबर, रस्ता. बाईंनी शिक्का मारला, पावती माझ्याकडे सरकवली आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.