दुपारनंतर कॉलेजला जाणारे दप्तर

मी एक जुने दप्तर आहे आणि मला खुंटीवर गप्प लटकून राहणे मुळीच जमत नाही. मित्रांनो, काही दप्तरे जन्मतःच शांत असतात. मी तसे नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे असे म्हणावे, तर मला पायच नाहीत. पण दोन पट्टे आहेत आणि ते सतत कुणाच्या तरी खांद्याची वाट पाहतात.

माझा जन्म कारखान्यातला. निळे जाड कापड, दुहेरी शिवण, तीन कप्पे. शिवणाऱ्या बाईने माझी चेन दोनदा ओढून पाहिली आणि मला ढिगावर फेकले. पुढे सातासमुद्रापलीकडच्या एडमंटन शहरातल्या आंबेडकरी मंडळाने माझ्यासारखी वीस दप्तरे घेतली. जयंतीच्या कार्यक्रमात मुलांचा गुणगौरव होतो ना, त्यात द्यायला. त्या वर्षी शाळेत विज्ञानाचे बक्षीस मिळवलेल्या अवनीचे नाव पुकारले गेले. ती धावत मंचावर आली, तिने मला छातीशी धरले आणि सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. त्या टाळ्या माझ्याचसाठी आहेत असे मला वाटले आणि मी जे शेफारले ते शेफारलेच.

तीन वर्षे मी तिच्या पाठीवर बर्फातून शाळेत गेले. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात त्या मिठाच्या पाण्याने माझा तळ पांढरा पडला, एक पट्टा उसवला. स्वातीताईंनी, म्हणजे अवनीच्या आईने, तो दाभणाने पक्का करून दिला. शाळेत मात्र मला दिवसभर लॉकरात कोंडत. तिथे मी अक्षरशः तळमळत असे.

मग अवनी अकरावीत गेली आणि माझे नशीब उघडले. इकडे शाळेत असतानाच कॉलेजचा एखादा विषय शिकता येतो. पास झाले की शाळेचेही क्रेडिट मिळते आणि कॉलेजचेही. अवनीने शरीररचना हा विषय घेतला. फेब्रुवारीपासून दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी आम्ही एलआरटीने, म्हणजे शहरातल्या छोट्या रेल्वेने, कॉलेजला जाऊ लागलो. माझ्या पोटात शाळेची वही होती आणि कॉलेजचे हे एवढे जाड पुस्तक! शिवण ताणली जाई, पण मी हूं की चूं केले नाही. लॉकर तर सुटला होता.

अवनीचे बाबा वाल्मिक सरकारी कार्यालयात काम करतात. माणूस मनाने चांगला, पण लेकीचे कौतुक त्यांच्या पोटात राहत नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर लिहिले, 'आमची अवनी सोळाव्या वर्षीच कॉलेजात!' साठ जणांनी अभिनंदन केले. त्यांनी लगेच गुणगौरवासाठी तिचे नाव दिले आणि यादी करणाऱ्या गणेशकाकांनी ते सर्वांत वर घातले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! परीक्षा अजून व्हायची होती आणि अवनीला कुणी विचारलेही नव्हते.

मार्चच्या परीक्षेत अवनीला शंभरात एकेचाळीस मिळाले. तिने तो पेपर चार घड्या करून माझ्या आतल्या कप्प्यात कोंबला. कॉलेजच्या मार्गदर्शक बाईंनी तिला समजावले. दहा एप्रिलपर्यंत विषय सोडला तर कुठेही नोंद राहणार नव्हती. नाही सोडला आणि ती नापास झाली, तर ते कॉलेजच्या गुणपत्रकावर कायमचे राहणार होते. विषय सोडण्याच्या फॉर्मवर पालकांची सही हवी होती. आणि गुणगौरव होता बारा एप्रिलला.

तो फॉर्म अकरा दिवस माझ्या कप्प्यात होता. अवनी तो गाडीत काढायची, वाचायची, परत ठेवायची. एकदा जेवताना तिने मला टेबलाखाली घेतले आणि हळूच चेन उघडली. तेवढ्यात स्वातीताई म्हणाल्या, "अगं, जयंतीला कोणता ड्रेस घालणार? यंदा पेन देणारेत म्हणे. स्टेजवर जरा हास हं!"

"व्हॉटएव्हर, आई," अवनी म्हणाली आणि चेन बंद झाली.

मित्रांनो, आता माझे पाप सांगते. तो फॉर्म तसाच पडून राहावा असे मला वाटत होते. विषय सुटला की कॉलेज सुटणार आणि मी पुन्हा लॉकरात जाणार! तिची झोप उडाली होती, ती धड जेवत नव्हती, आणि मी माझ्या भटकंतीचा विचार करत होते.

दहा तारखेला, शुक्रवारी, अवनी कॉलेजच्या बाकावर मला मांडीवर घेऊन बसली. काउंटर चार वाजता बंद होणार होता. शेवटी तिने बाबांना फोन केला. साडेतीनला ते आले आणि शेजारी बसले, बुटांना ओला बर्फ लागलेला.

"काय झालं, बाळा?"

तिने पेपर आणि फॉर्म, दोन्ही त्यांच्या हातात दिले. "आय हॅव टू ड्रॉप इट, बाबा. प्लीज डोन्ट बी मॅड."

"इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"यू टोल्ड एव्हरीवन! माझं नाव लिस्टमध्ये आहे. हाऊ कुड आय?"

वाल्मिकांनी पेपरच्या घड्या उलगडून ते एकेचाळीस पाहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. मग त्यांनी सही केली. "जा, देऊन ये. गणेशला मी सांगतो." पावणेचारला फॉर्म काउंटरवर पोहोचलासुद्धा.

पण याद्या छापून झाल्या होत्या. रविवारी भरल्या हॉलमध्ये, निरोप न वाचलेल्या गणेशकाकांनी पहिलेच नाव पुकारले, "अवनी! शाळेत असतानाच कॉलेजचं क्रेडिट!" खुर्चीखाली अवनीचा पाय माझ्यावर आपटला. ती उठेना.

वाल्मिक उभे राहिले.

"जय भीम. गणेशभाऊ, एक मिनिट. हे नाव मी दिलं होतं, पोरीला न विचारता. विषय तिला जड गेला, तिने तो सोडला. पुन्हा घ्यायचा की नाही, ते तिचं ती ठरवेल. टाळ्या मागायची घाई मी केली. चूक माझी आहे."

ते तसेच उभे राहिले, खाली बसायचे त्यांना सुचेना. तेव्हा अवनीने त्यांची बाही ओढली. "बाबा, बस ना आता. सिट डाऊन." ते बसले आणि तिने त्यांच्या खांद्यावर डोके टेकले. त्या रात्री ती गाढ झोपली.

खोटे कशाला बोलू, लॉकरात मला अजूनही गुदमरते. पण अवनी आता पोटभर जेवते, म्हणून मी सोसते. मित्रांनो, तुमच्या दप्तराला ओल्यात टाकू नका, त्याची चेन हिसडू नका. आतल्या कप्प्यात एखादा कागद लपवला असेल, तर आजच घरी दाखवा. आणि आई-बाबांनो, पोरांचे नाव यादीत घालण्याआधी त्यांना एकदा विचारा. अकरा दिवस जे जमले नाही, ते बाकावर शेजारी बसल्यावर पंधरा मिनिटांत झाले. मी मांडीवरच होते, मी पाहिले आहे.