जोतीरामच्या चपला

मंगळवार पेठेत त्या गुरुवारी माणसावर माणूस पडत होता. वारेबाबा आज जयसिंगपूरच्या जोतीरामचं ‘गेलेलं वारं’ ओढून काढणार होता. आमच्याकडं अर्धांगवायू झाला असं म्हणत नाहीत, अंगावरनं वारं गेलं म्हणतात. या एका शब्दावर बाबाचं सगळं दुकान चाललं होतं.

“वारं भायेरनं आलंय, भायेर जाईल! डॉक्टर काय वाऱ्याला इंजेक्शन देनार?” बाबा ओरडला. जोतीरामच्या लुळ्या उजव्या पायावर त्यानं मोरपिसं फिरवली आणि तो गडी उठून चालला. चालला कसला, नाचला! बायका रडल्या. माझी बायको सरुबाईही रडली, नि जोतीरामकडं अशा कौतुकानं बघत राहिली की माझा जळफळाट झाला.

कारण माझीही उजवीच बाजू गेली होती. मी केरबा, चपला शिवणारा. सहा महिने काठी धरून पाय ओढत होतो. दवाखान्यात शिकवलेल्या व्यायामानं बोटं उघडायला लागली होती, कातडं कापायची रापी धरवत होती. तेवढ्यात सरुबाईनं मला बाबाकडं आणलं. त्यानं माझा हात पिवळ्या फडक्यानं गळ्यात बांधला. चाळीस दिवस हलवायचा नाही, गोळ्या बंद. अकरा दिवसांत बोटं पुन्हा आखडली. आणि हा जोतीराम नाचतोय! खोटं कशाला बोलू, मला बाबाचा संशय वगैरे काही आला नव्हता. मला जोतीरामचा हेवा वाटत होता. तो तिथंच आपटावा, असं मनापासून वाटत होतं.

बाबाच्या ओट्याच्या पायऱ्या चढवत नव्हत्या म्हणून मी खाली चपलांपाशीच बसलो होतो. जोतीराम उतरून चपला घालू लागला. माझी नजर सवयीनं तिकडं गेली.

“पावणं, चपला कवाच्या?”

“वरीस झालं की. आठ म्हैनं लुळा पाय ह्यातच घासत फिरलोय!”

“जरा उलट्या करून दावा.”

त्यानं हौसेनं दाखवल्या. दोन्ही टाचा सारख्या झिजलेल्या, दोन्हींची पुढची बाजू शाबूत. मी डाव्या हातानं माझ्या उजव्या पायातली चप्पल काढून वर धरली. अंगठ्याखाली भोक पडलं होतं.

“सरू, ह्यो बघ वारं गेलेला पाय. फरफटतोय, म्हणून पुढनं झिजतोय. ह्या पावण्याचा पाय एक दिवस फरफटल्याला न्हाय. ह्यो मजेत चालतोय की!”

चपला हातोहात फिरल्या.

“वाऱ्यासंगं चपलाबी बऱ्या झाल्या!” बाबा वरनं ओरडला. यावर मात्र मघाशी रडणाऱ्या बायकाही हसल्या. जोतीराम अनवाणीच पळाला, नि चांगला जोरात पळाला.

सरुबाई हसली नाही. तिनं माझ्या गळ्यातली गाठ दातानं सोडली. ती माझी बोटं उघडू गेली तसा मी कळवळलो.

“माझंच चुकलं,” ती म्हणाली.

“मीबी आलतो की,” मी म्हणालो.

बाबांनो, वारं कुणाच्या अंगावरनं जात नाही. मेंदूतली नस तुंबते नाहीतर फुटते. अशा माणसाला लगेच दवाखान्यात न्या, रोज व्यायाम करून घ्या, चारचौघांत बसवा, जमेल ते काम त्याच्या हातात द्या. पेठेतले चौघे आता रोज माझ्या दुकानात गप्पांना येतात. मी डाव्या हातानं रापी चालवतो. उजवा नुसतं कातडं दाबून धरतो. त्या अकरा दिवसांत त्यातलं बळ किती गेलं, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.